दुसऱ्याच्या नावाचा विडा

मळमड्डी, धारवाड
१५ ऑक्टोबर १९३९

तीर्थरूप श्रीपादमामांस,
यमुनेचा साष्टांग नमस्कार.

काल हुबळीच्या सभेत सैन्यभरतीसाठी विड्यांचे तबक फिरले, तेव्हा आपण माझ्या थोरल्या भावाच्या, हणमंतअण्णाच्या नावाने विडा उचललात. विडा ज्याने उचलावा त्यानेच कार्य करावे, हा आपला रिवाज. अण्णा तर घरी अभ्यास करीत होता! रात्री आपण आमच्याकडे आलात, तेव्हा मी दाराआडून विचारताच आपण हसलात, "शब्द दिलाय गं मी, सुम्मनिरु, गप्प बस!"

यूरोपातही हेच झाले. एका राष्ट्राने शेजाऱ्याला शब्द दिला, दुसऱ्याने त्याच्या वैऱ्याला. दोघांनीही भीतीपोटी तोफा ओतल्या आणि त्या तोफांनी भीती दुप्पट केली. आता इंग्लंडने पोलंडला शब्द दिला आणि व्हाइसरॉयने हिंदुस्थानला न विचारताच युद्धात ओढले. त्या अन्यायावर आमच्याच ओसरीवर आपण किती गरजलात! मग आमच्या घरात आपण व्हाइसरॉय कसे झालात?

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. उद्या आपण अण्णाला भरतीसाठी न्यायला याल, तेव्हा मी नेहमीसारखी दाराआड लपणार नाही. हे सारे आपल्यासमोर बोलेन, आणि अण्णाचे उत्तर त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत उंबरठा सोडणार नाही.

आपली, आजवर गप्प राहिलेली भाची,
यमुना