तुला न टोचलेली सुई

प्रिय मुन्ना,

आज सकाळी नर्सबाई आली होती. आपण आता पुंडलिकनगरला राहतो, तू हे घर बघितलेलं नाहीस. तुझ्या दिलीपदादाला लेक आहे, ईश्वरी, दीड वर्षाची. तिच्या लशी राहिल्यात म्हणून बाई विचारायला आली, तर दादानं तिला दारातूनच वाटेला लावलं. मी कणीक मळत होते, हात तसेच राहिले. आता बोलू कुणाशी? म्हणून तुला लिहितेय.

दादा म्हणतो, आमच्या लेकराचं आम्ही ठरवू, सरकार कोण सांगणार? मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ बघतो, मलाही दाखवतो. शाळेनं सक्ती केली तर शाळेशीही भांडायला तयार! सक्ती मलाही आवडत नाही रे, सगळा जन्म तिच्यातच गेला माझा. पण 'आम्ही ठरवू' म्हणताना त्यानं बायकोकडं, सुवर्णाकडं, बघितलंसुद्धा नाही. ती मान खाली घालून लेकीचं टोपडं बांधत होती. आई-बापाचा निर्णय म्हणतात, त्यातल्या आईला कधी कोणी विचारतं का?

मला तरी कुठं विचारलं होतं? तेव्हा आपण गुलमंडीत दुकानाच्या वर राहायचो. दादाला लहानपणी सुई दिली तर मांडीवर गाठ आली, तापानं नुसता फणफणला. बाबा त्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होते. जीव लई लावायचे ते तुम्हाला, तेच तर वाईट. तुझ्या वेळी म्हणाले, धडधाकट लेकराला टोचून आजारी पाडायचं, ही कुठली अक्कल? मी म्हटलं, गल्लीतल्या सगळ्या जणी नेताहेत. तर म्हणाले, तू चुलीकडं बघ. संपला विषय.

तुला चौथं लागलं आणि घटसर्प झाला. आधी टॉन्सिल वाटलं, मी हळद-मिठाच्या गुळण्या दिल्या. तू कुल्फी मागत होतास. घसा आणखी बिघडेल म्हणून मी नाय म्हटलं. द्यायला काय झालं होतं मला! आजही औरंगपुऱ्यात कुल्फीची गाडी दिसली की मी रस्ता बदलते. आणि तू तरी एवढा गुणी कशाला झालास? जमिनीवर लोळून हट्ट केला असतास तर दिली असती की रे.

दवाखान्यात डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून विचारलं, टोचलं होतं का याला? बाबा खाली बघत राहिले. तुझा श्वास घरघरत होता. संध्याकाळी तो थांबला. दादा तुझ्याच ताटात जेवायचा, तुझ्याच अंथरुणात झोपायचा. त्याला काही झालं नाही.

हेच आज मी दादाला सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, बाबांच्या समोर. म्हटलं, "तुला टोचलं होतं म्हणून तू आहेस."

त्यानं मोबाइल खाली ठेवला. मला वाटलं, पटलं. मग म्हणाला, "आई, ते नशीब असतं." बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

सुवर्णाला आत नेऊन म्हटलं, चल, रिक्षा करू, आपण दोघीच नेऊ तिला. ती हळूच म्हणाली, "तुमचं वय झालं, तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही. मला या घरात राहायचंय, आई." खरंच बोलली.

मुन्ना, मी हरले. ईश्वरी नुसती खोकली तरी मी तिला उजेडात नेऊन घसा बघते. दुसरं काही हातात नाही माझ्या. तिला सुई मिळेल, असं वचनही तुला देता येत नाही.

एक मात्र देते. धाकट्याला काय झालं होतं, असं कुणी विचारलं की बाबांची लाज राखायला मी आजवर 'देवानं नेलं' म्हणत आले. यापुढं देवाला मध्ये घेणार नाही. बाबा शेजारी बसलेले असले तरी सांगेन, लेकराला टोचायचं होतं, त्याच्या बापानं टोचू दिलं नाही.

तुझी,
आई