दरडीपलीकडची गावं

अण्णा,

तुमची नात पहाडात अडकली आहे. तिबेटच्या सीमेलगतच्या गावांत तिला मेंढ्यांची डॉक्टर म्हणून सरकारी नोकरी लागली, आणि वर जाणाऱ्या रस्त्यावर दरड कोसळली. कालपासून ती खालच्या गावात बसून आहे. फोन कधी लागतो, कधी नाही. लागला की म्हणते, "आई, टेन्शन नको घेऊ ना. मलबा हटवतायत. उद्यापर्यंत रास्ता नाही खुला तर वापस येते." मलबा हटवतात तेव्हा वरून आणखी पडतोच, एवढं भूगोलाच्या मास्तरांच्या मुलीला कळतं.

हा सगळा तुमचाच उद्योग. शाळेतला नकाशा फाटका, म्हणून तुम्ही आमच्यासाठी आईच्या परातीत हिमालय उभा करायचात. कणकेच्या रांगा, बोटाने पाडलेल्या खिंडी. पलीकडे मिठाचे खडे, अलीकडे तांदूळ, आणि मधून पाठीवर मीठ घेऊन येणाऱ्या लवंगांच्या मेंढ्या. आई लाटणं घेऊन उभी आहे. "तुमचा पहाड आवरा आता, पोरं भुकेली आहेत." मी गंमत म्हणून अंगठ्याने एक खिंड बुजवते, आणि तुम्ही माझं मनगट धरता. "बुजवलीस? आता वरच्यांनी खायचं काय, लोकर विकायची कुठे? सीमा बंद झाली तेव्हा अशीच गावं रिकामी झाली." तुमचा तो आवाज ऐकून मला रडूच फुटलं. त्या दिवशीच्या पोळ्या कुठे खारट, कुठे अळणी लागल्या.

लेकीलाही मी पहाड असाच शिकवला, परातीसकट. आता तीच मला ऐकवते. मेंढपाळ कळप घेऊन तिच्यासारखेच खोळंबलेत. वरच्या गावांत लाळ-खुरकूत रोग पसरायला लागलाय आणि लस तिच्या पेटीत आहे. पेटीतला बर्फ वितळला की लस वाया. मला हे सगळं पटतं, आणि तरी घास उतरत नाही.

इथवर काल रात्री लिहिलं होतं. आज सकाळी मंगला गौरीच्या देवळात जाऊन आले. चप्पल काढते आहे तोच फोन. "आई, खुल गया! निघाले मी." मागे मेंढ्यांच्या घंटा वाजत होत्या. सांभाळून जा, एवढंच म्हटलं आणि कणीक भिजवायला बसले.

तुम्हाला वाटेल, पोरगी सुखरूप वर पोचावी म्हणून देवीपुढे हात जोडले असतील. नाही, अण्णा. रस्ता उघडूच नये, असं मागितलं. तो उघडला, तरी अजूनही तेच मागते आहे.