शिफ्ट डायरीचं बिनसहीचं पान

कोहका, भिलाई
१२ फेब्रुवारी २०२५

सिंधुताई,

पाया पडतो. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. गुडघे कसे आहेत? इकडे तुझी भावजय अंजना ठीक आहे.

ताई, तुझा राजकुमार सुटणार! आजच कळलं.

आमच्या मिलमध्ये सैन्याच्या गाड्यांसाठी प्लेट बनते, तुला ठाऊकच आहे. तिथल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड डार्क वेबवर विकायला निघाला होता. डार्क वेब म्हणजे इंटरनेटवरचा चोरबाजार, तिथं नाव-चेहरा कोणालाच नसतो. पासवर्ड राजकुमारचा, म्हणून पोलिसांनी त्यालाच धरलं. पण टोळी केवढी! अशा अठरा कारखान्यांचे पासवर्ड विकायला काढलेले, गिऱ्हाईक सीमेपलीकडचं. काल दुसऱ्या राज्यात तिघं सापडले.

सायबर पोलिसांच्या संघमित्रा मॅडमनी त्या तिघांकडे सापडलेला फोटो आज घरी येऊन मला दाखवला. आमच्या शिफ्ट डायरीचं पान, पासवर्डसकट!

"शामराव, तुम्ही सीनियर. यात काय खटकतं?"

मी पाहताक्षणी ओळखलं. चार्ज घेणारा आधी खाली सही करतो, मगच खुर्चीवर बसतो. फोटोत राजकुमारची सही नाही. म्हणजे तो यायच्या आधीच फोटो निघाला!

"मॅडम, पोरगा सुटला न!" मी ओरडलोच.

"मग फोटो काढला कोणी?"

"बिस्किटं घ्या न, मॅडम," मी म्हणालो.

ताई, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हे मी तीस वर्षं पाळलं. त्या दिवशी राजकुमारची बस लेट झाली आणि आमच्या टीनाला पाहायला पाहुणे येणार होते. त्याच्यासाठी माझ्याकडे आलेला नवा पासवर्ड डायरीत लिहिला, पानाचा फोटो शिफ्टच्या ग्रुपवर टाकला आणि निघालो. कामावरून काढलेला गुड्डू त्या ग्रुपमध्ये तसाच होता. दुसऱ्या दिवशी फोटो पुसला, पण उशीर झाला होता. गुड्डूचं नाव पोलिसांना अजून माहीत नाही.

राजकुमारनं तो फोटो पाहिला होता. कोठडीत भेटायला गेलो तर म्हणाला, "मामा, तुमच्या रिटायरमेंटले चारच महिने रायले. तुमी कायले तोंड उघडता? मले काई नाई होत."

मी ऐकलं त्याचं. नऊ दिवस.

उद्या दहाला मॅडमकडे जाऊन गुड्डूचं नाव आणि माझं, दोन्ही लिहून देतो. राजकुमार घरी आला की, गप्प राहिला म्हणून त्याच्यावर रागावू नकोस. तो राग माझ्यासाठी ठेव.

तुझ्या लेकराच्या आड लपलेला,
शामराव