वळणावरच्या दिव्याचा दोष माझ्या नावे लावण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
डोंगरी रस्ते व बर्फ-सफाई विभाग,
जिल्हा कचेरी.

अर्जदार: श्रीमती हनेने, कै. असाद खत्तार यांच्या पत्नी (गावात 'तन्नूसची आई' म्हणून परिचित), राहणार ऐन अल-लौज, घाटाखालचे पहिले घर.

विषय: बर्फगाडीचे चालक नाएफ बू करूम यांना कामावर परत घेऊन अपघाताचा दोष अर्जदाराच्या नावे लावणे, व तत्पूर्वी मार शलीताच्या घुमटीतील दिवा रस्त्याची खूण म्हणून मागील तारखेने नोंदवून घेणे.

संदर्भ: माझा पहिला अर्ज व त्यावर आपल्या कचेरीचे 'दोष आढळत नाही' असे उत्तर.

महोदय,

सविनय सादर करते की,

१. आपले उत्तर पोहोचले. सरकारी भाषा मला अवघड, म्हणून आमच्या गावचे पाद्री बुलोस यांनी ते मला दोन वेळा वाचून समजावले. त्यात म्हटले आहे की, विभागाच्या खुणांच्या यादीत सदर वळणावर कोणताही दिवा नाही. जो दिवा नाही तो कोणी जागेवरून हलवू शकत नाही. सबब अर्जदाराचा दोष आढळत नाही. शेजारच्या बुत्रोसला फार आनंद झाला. म्हणाला, "सरकारनं सोडलं तुम्हाला, तन्नूसच्या आई, आता कॉफी तरी पाजा." मी कॉफी केली. सगळ्यांनी घेतली. माझा पेला मी अंगणात ओतला आणि हा दुसरा अर्ज लिहायला घेतला.

२. दिवा आहे, महोदय. घाट उतरताना शेवटच्या वळणावर दरीच्या बाजूला मार शलीता या आमच्या संताची घुमटी आहे. तिला रस्त्याकडे एक खिडकी आहे. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या खिडकीत ऑलिव्हच्या तेलाचा दिवा लावणे हा माझा नेम आहे. विभागाने तिथे विजेचा खांब उभा केला आहे, त्याबद्दल गाव आभारी आहे. परंतु त्यात वीज येत नाही. धुके आणि बर्फ एकत्र आले की वरून येणाऱ्याला खांबही दिसत नाही आणि रस्ताही. दिवा तेवढा दिसतो. दिवा दिसला की वळायचे, हे घाटातल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे.

३. नाएफ दरीपलीकडच्या गावचा, द्रूझ धर्माचा. संतांशी त्याचे घेणे-देणे नाही. तरी दरवर्षी पहिल्या बर्फाला तो गाडी थांबवून आपल्या झाडांच्या तेलाची बाटली घुमटीच्या पायरीवर ठेवतो. एकदा मी विचारले, तुला रे कशाला हे? तर म्हणाला, "तुमचा मार शलीता गुरांचा राखणदार ना, मावशी? मग मी पण त्याच्याच कळपातला समजा." असा माणूस. हे तपासाशी संबंधित नाही असे वाटल्यास वगळावे.

४. आता माझा दोष. माझी सून नूहाद हिची दोन बाळंतपणे अपुरी गेली. या खेपेस ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या पहिल्या सोमवारी मी मार शलीताला बोलले होते की, बाळ हातात येईपर्यंत तुझी ज्योत रात्रभर विझू देणार नाही. दुपारपर्यंतचा उपास तर मी दरवर्षी करतेच. ज्योतीचे हे व्रत नवे होते. हा नवस मी कोणाला सांगितला नव्हता. आता सरकारला सांगत आहे.

५. फेब्रुवारी संपत आला होता. बदामाला फूल आले होते. आमच्याकडे फेब्रुवारीचे शेवटचे आणि मार्चचे पहिले दिवस उसने मानतात. थंडी जाता जाता शेजारच्या मार्चकडून चार दिवस मागून घेते आणि उरलासुरला राग काढते. म्हणून त्या दिवसांत शेगडी कोणी आवरत नाही. त्या दिवशी सकाळी पाऊस झाला, दुपारी वारा फिरला, आणि सांजेला पावसाचे बर्फ झाले. मी घुमटीत पोचले तेव्हा खिडकीतून वारा असा आत घुसत होता की ज्योत आडवी होऊन निळी पडली. मी दिवा उचलला आणि संताच्या तसबिरीमागच्या कोनाड्यात नेऊन ठेवला. ज्योत सरळ झाली. मी गुडघे टेकून आभार मानले.

कोनाड्यातला उजेड रस्त्यावर जात नाही. हे मला माहीत होते. नाएफ वर आहे हेही माहीत होते. दुपारी तो माझ्या दारावरून हॉर्न वाजवत गेला होता. त्या वेळी तो आठवला नाही असे लिहिले असते तर मला सोपे गेले असते. तो आठवला. मी मनात म्हटले, आज एक दिवस तो आपलं आपण बघून घेईल.

६. नाएफला दिवा दिसला नाही. दिवा नाही, म्हणजे वळण अजून आले नाही, असे समजून तो सरळ आला, आणि गाडी बुत्रोसच्या बदामाच्या बांधावरून खाली जाऊन कलंडली. आवाज ऐकून बुत्रोस, त्याचे भाऊ आणि मी धावलो. त्याला माझ्या घरी आणले. पाय मोडला होता, अंग लाकडासारखे गार. आमच्याकडे थंडीने आखडलेल्या माणसाला अरक, म्हणजे बडीशेपेची दारू, चोळतात. माझ्या यजमानांच्या वेळची बाटली कपाटात होती. ती मी त्याच्या छातीला आणि चांगल्या पायाच्या तळव्याला चोळली. हातून सांडलीही बरीच.

दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाल्यावर आपले निरीक्षक साहेब आले, वाकले, वास घेतला आणि 'चालक मद्याच्या अमलाखाली' असे लिहून गेले. नाएफच्या घरात मद्याला थारा नाही, साहेब. तो दिवसभर नळीने मात्तेचा कडू काढा ओढत असतो, त्याची चेष्टा अख्खा घाट करतो. मी निरीक्षकांना सांगू लागले तर ते म्हणाले, "आजी, त्याच्या तोंडाचा वास घेणं माझं काम नाही, अंगाला आला तेवढा पुरे." अरक माझा, हात माझे, सांडला माझ्याकडून. नोकरी त्याची गेली.

७. नाएफ माझ्या खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "दिवा वाऱ्यानं विझला असेल, मावशी. त्याला तुम्ही काय करणार?" मी त्याच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले. दिवा विझला नव्हता. त्याच्या डोक्यापासून हाकेच्या अंतरावर तो आत छान जळत होता.

पुढे त्याची आई आली. पांढरी ओढणी घेतलेली, वयाने माझ्याहून थोरली बाई, दरी उतरून चढून. पदराखाली सुके अंजीर. माझा हात धरून म्हणाली, "तुमच्या दिव्यानं इतकी वर्षं माझं लेकरू घरी आणलं. एक दिवस वारा जिंकला, म्हणून आम्ही तुम्हाला विसरायचं होय?" त्यांना मी बसवले, चहा दिला, अंजीर ठेवून घेतले. त्या गेल्यावर माझा पहिला अर्ज लिहिला. जे त्यांच्यापुढे बोलता आले नाही ते आपल्यापुढे बोलले, कारण आपण मला ओळखत नाही. हा अर्ज मात्र आपल्याकडे टाकण्याआधी पलीकडच्या गावी जाऊन त्या माउलीला आणि नाएफला वाचून दाखवला आहे. या खेपेस तिने माझा हात धरला नाही. नाएफ म्हणाला, "दिवा आता कुठं आहे, ते सांगा." दुसरे काही विचारले नाही.

८. तरी विनंती की,

(अ) सदर दिवा माझ्या लग्नाच्या वर्षापासून विभागाची खूण म्हणून नोंदवावा. तेल माझेच राहील.

(आ) एकदा तो खूण ठरला की ती खूण लपवल्याबद्दल जो काही दंड किंवा कैद असेल ती मला व्हावी. उपवासाच्या दिवसांत झाली तरी चालेल, दुपारपर्यंत मला जेवण लागत नाही.

(इ) मागील तारीख घालता येत नाही असे आपल्या कचेरीच्या खिडकीवरच्या लेखनिकाने सांगितले. तसे असल्यास मला विभागाची दिवेकरीण म्हणून आज बिनपगारी नेमावे आणि उद्या निष्काळजीपणाबद्दल काढून टाकावे. काढून टाकलेला एकच माणूस दाखवायचा असेल तर तो मी आहे.

(ई) यातले काहीच नियमात बसत नसेल, तर नाएफच्या कागदावरचे ते अरकाचे वाक्य तेवढे खोडावे. पाय बरा झाला की तो गाडी चालवील. त्या वाक्यासकट त्याला कुठलाही घाट कोणी देणार नाही.

९. आपल्या माहितीसाठी: दिवा आता रस्त्याकडच्या खिडकीत आहे. मार्च निम्मा झाला तरी वारा थांबलेला नाही. ज्योत विझते. मी घुमटीत बसून ती पुन्हा लावते, पुन्हा विझते. व्रत त्यामुळे किती वेळा मोडले याचा हिशेब मी सोडून दिला आहे. नूहादचे दिवस भरत आले आहेत. मी तिला काही सांगितलेले नाही, ती फोनवर विचारते, "सासूबाई, घरी का नसता हो तुम्ही संध्याकाळच्या?" नवस का मोडला ते मार शलीताला सगळे सांगितले आहे. आपले एक उत्तर तरी आले, त्यांच्याकडून अद्याप आलेले नाही.

तरी आदेश जो असेल तो घरच्या पत्त्यावर न पाठवता वळणावर पाठवावा. आणणाऱ्याला वाट दिसेल.

आपली नम्र व दोषी,

हनेने असाद खत्तार
(सही येते, परंतु बोटे गारठल्याने वाकडी आली आहे)

स्थळ: मार शलीताची घुमटी, ऐन अल-लौज
दिनांक: उसने दिवस संपल्यानंतरचा, थंडी तीच

सोबत:
१. आपल्या उत्तराची प्रत.
२. रोज दिवा लागतो असा पाद्री बुलोस यांचा दाखला.
३. अरकची बाटली. जेवढी रिकामी दिसते तेवढी नाएफच्या अंगाला व माझ्या जमिनीला लागली आहे. परत न केली तरी चालेल.
४. दिवा पुरावा म्हणून जोडता आला नाही. तो जागेवर लागतो.