तपासणीच्या डब्यातलं पीठ

प्रिय धाकटे,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. ना पीठ पाठवलं, ना उत्तर, म्हणजे तू गाल फुगवून बसली असणार. राग तर तुझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो. पण पीठ मी पाठवणार नाही. महिनाभर मी स्वतः पावाचा तुकडा तोंडात घातलेला नाही. बेकरीवरून जाताना नाकाला पदर लावते. पिठाच्या कारखान्यात बारा वर्षं काढलेल्या बाईनं असं म्हणावं! हसून घे, मग पुढे वाच.

माझं काम नेमकं काय, हे मी तुला कधी सांगितलंच नाही. तू आपली सासरी ‘आमची ताई शास्त्रज्ञ आहे’ म्हणून मिरवतेस. कसली डोंबलाची शास्त्रज्ञ! आमच्या पिठात एक पिवळट भुकटी मिसळायची असते, लोह आणि फॉलिक ॲसिडची. गोणीवर ती पोटुशी बाई हसताना छापली आहे ना, ती त्या भुकटीच्या जिवावर हसते. भुकटी खरंच पडली का, हे रोज सकाळी मी बघायचं. बशीत पीठ थापायचं, वर औषधाचे थेंब सोडायचे, थोडं थांबायचं. लोह असेल तिथे लाल ठिपके उमटतात. ठिपके आले म्हणजे भुकटी पडली, आणि भुकटी पडली म्हणजे फॉलिकही पडलं. मग त्या बशीचा फोटो काढून कागदाला जोडायचा आणि खाली सही ठोकायची. झाली माझी शास्त्रज्ञगिरी.

चार वर्षांपूर्वी बेकरीवाल्यांनी ओरड केली की पाव पिवळट दिसतो. आमच्या साहेबांनी भुकटी सोडणारं यंत्रच बंद करून टाकलं. साहेबांच्या तोंडात नेहमी खडीसाखर. मला म्हणाले, बाई, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, तोवर मागच्या पिठातून तपासणी उरका. कपाटात जुन्या पिठाचा एक मोठा डबा होता. मी तो उघडला. त्यांचे दोन दिवस अजून संपायचेत. पुढे त्या डब्यात अळ्या झाल्या. तुला वाचायला जड जाईल, पण वाच. मी रोज सकाळी त्या अळ्या चाळून काढायची, जाळी धरलेल्या पिठाच्या गुठळ्या बोटांनी मोडायची आणि त्यावर थेंब सोडायची. लाल ठिपके अगदी छान यायचे. बाहेर पांढरंशुभ्र पीठ ट्रकमध्ये चढत असायचं, आणि त्यात काही म्हणजे काही नसायचं. अळ्यांची किळस कधीच गेली गं. त्या बिचाऱ्या निदान गोणीवर छापलेलं तेवढं खरोखर खात होत्या. किळस मला माझ्या सहीची येते.

मागच्या महिन्यात साहेब मिठाई वाटत आले. सुनेला दिवस गेलेत. कौतुकानं सांगत होते की डॉक्टरांनी तिला तीन महिने आधीपासूनच फॉलिकच्या गोळ्या चालू केल्या होत्या. बाळाच्या पाठीचा कणा पहिल्या चार आठवड्यांतच मिटतो, तोवर बाईला पत्ताही नसतो, मग तयारी आधीच नको का? पिठाबिठावर कोण विसंबतं हो, असं म्हणाले आणि हसले. मी हातातली मिठाई बेसिनमध्ये टाकली आणि तिच्यावरच ओकले. इतक्या वर्षांनी घसा मोकळा झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आणि मग तुझी वही डोळ्यांसमोर आली. आपली चिमुरडी जन्मली, तिच्या पाठीवरची ती उघडी जागा दुसऱ्याच दिवशी शिवावी लागली, तेव्हा तू इस्पितळाच्या कॉटवर बसून ती यादी केली होतीस. त्या पहिल्या महिन्यात काय काय खाल्लं, काय काय केलं. आंबट खाल्लं, पुढे प्रश्नचिन्ह. शिवणकामाच्या कारखान्यात पडद्याच्या कापडाचा तागा उचलला, प्रश्नचिन्ह. नवऱ्याशी भांडून उपाशी झोपले, दोन प्रश्नचिन्हं. तुझ्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या की हिला जिभेवर ताबा नाही, आणि तू खाली मान घालून लिहीत होतीस. रोजच्या ओळीत ‘चहा आणि ताईकडच्या पिठाचा पाव’ होतंच. त्याच्यापुढे मात्र एकदाही प्रश्नचिन्ह नव्हतं. मी शेजारी बसून तुझ्यासाठी संत्रं सोलत होते. सगळं दिसत होतं मला, आणि मी संत्रं सोलत राहिले. परवा फोनवर पोरगी मला सांगत होती की ती आता कोपरांवर सरकत दारापर्यंत पळते, मावशीलाही हरवेल. हरवेलच. कुठल्याही एका बाळाचं नेमकं कारण सांगता येत नाही, असं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते. ते खरंच आहे. त्या एका वाक्याच्या आड मी तीन वर्षं लपले.

आता ऐक. दुसऱ्या बाळाचा विचार आहे म्हणून ‘आपलं ते पौष्टिक पीठ’ पाठव, असं तू लिहिलंस, म्हणून हे पत्र. आज सकाळी तो अळ्यांचा डबा आणि चालू पिठाची एक गोणी मी अन्न निरीक्षकांच्या टेबलावर ठेवून आले. सगळ्या फोटोंखालच्या सह्या माझ्याच आहेत, हेही लिहून दिलं. नोकरी जाईल, जाऊ दे. तू मात्र आधी डॉक्टरीणबाईंकडे जा. पहिल्या लेकराचं सगळं सांग. तुझ्यासारखीला फॉलिक नेहमीपेक्षा जास्त लागतं आणि दिवस जायच्या आधीपासून लागतं. किती, ते त्याच ठरवतील. माझ्या सांगण्यावरून आता काही खाऊ नकोस आणि काही सोडूही नकोस. कारण गेल्या वेळी, दिवस जायच्या आधी डॉक्टरांनी दिलेल्या फॉलिकच्या गोळ्यांनी मळमळतंय म्हणून तू फोन केलास, तेव्हा यंत्र बंद होऊन दहा दिवस झाले होते. मला माहीत होतं. उद्या-परवा चालू होईल म्हणत मी ऐटीत सांगितलं, फेक त्या गोळ्या, आमच्या पिठात सगळं असतं. तुझ्या यादीत सगळं आहे, फक्त हे नाही. तू विसरली नव्हतीस, तू मला सांभाळून घेतलंस. ती वही काढ. बाकीच्या सगळ्या ओळी खोड आणि तिथे माझं नाव लिही. पुढे प्रश्नचिन्ह घालू नकोस.

म्हणू देशील तर, तुझीच
ताई