प्रेरणाची ग्रिप

६ ऑक्टोबर २०२४, रविवार
निर्णय घेतला. प्रेरणाचा कोच यापुढे मी. क्लबच्या पायल मॅडम चांगल्या आहेत, बंगळुरूला शिकून आल्यात, पण मुलीला बापासारखं कोण ओळखणार? प्रेरणा दहावीत आहे, दोन वर्षं गोल्फ खेळते, आणि क्लबात सगळे तिच्या स्विंगबद्दल बोलतात. डिसेंबरात ज्युनिअर स्पर्धा आमच्याच गोल्फ कोर्सवर आहे. जिंकली तर राज्याच्या संघात.
दोष एकच. क्लब, म्हणजे गोल्फची काठी, फार सैल धरते. मॅडम म्हणतात, पकड दहापैकी चार एवढीच हवी, मग मनगटं मोकळी राहतात आणि क्लबचं तोंड आपोआप वळतं. आपोआप! मी तळेगावच्या कारखान्यात क्वालिटीला होतो. बोल्ट आपोआप घट्ट झालेला कधी पाहिला नाही.
(कंपनीने मार्चमध्ये मला स्वेच्छानिवृत्ती दिली. इच्छा त्यांची होती.)

८ ऑक्टोबर, सकाळी
सरावाच्या रेंजवर गेलो. आधी स्वतः खात्री करावी म्हणून चारच्या पकडीने मारून पाहिलं. क्लब हातातून सुटून कॅन्टीनच्या पत्र्यावर गेला. बॉल जागेवरच. कॅन्टीनवाल्या शालूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, भाऊ, मला वाटलं माकडं आली.
निष्कर्ष: चार धोक्याची. आठ योग्य.

१३ ऑक्टोबर
प्रेरणाला आठ शिकवली. बाबा, हात भरून येतात, म्हणाली. सवय होईल, म्हटलं. दाबायला रबरी बॉल आणलाय. अभ्यास करताना डाव्या हातात ठेवायचा. बायको, सारिका, म्हणाली, दहावीचं वर्ष आहे, तिला बीजगणित करू दे. मी म्हटलं, गणिताला डावा हात लागत नाही. सारिका बँकेत आहे. तिला गोल्फमधलं कळत नाही.

२० ऑक्टोबर
बॉल उजवीकडे जातोय. सगळेच. म्हणजे बदल होतोय, आणि तेच तर हवं होतं.
पायल मॅडम येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, सर, हिचे हात लाकडासारखे झालेत, काय केलंत? शिस्त लावली, म्हटलं. त्या म्हणाल्या, मी एक सांगणार आणि तुम्ही दुसरं, त्यात मुलीचं नुकसान आहे, त्यापेक्षा मला मोकळं करा. केलं. प्रेरणा बराच वेळ बूट पुसत बसली होती. स्वच्छतेची सवय चांगली.

२ नोव्हेंबर, पाडवा
वडिवळ्याहून माझे वडील, आबा, आले. प्रेरणा गच्चीवर प्लास्टिकचे बॉल मारत होती, ते खुर्ची टाकून बघत बसले. मला म्हणाले, पोर पयलं हसत मारायची, आता तुज्यासारकं त्वांड करती. त्याला एकाग्रता म्हणतात, असं मी समजावलं. आबा म्हणाले, आसंल. मग तिला म्हणाले, चल गं, लाडू खाऊ. ती लगेच गेली. सरावात असा व्यत्यय पुन्हा चालणार नाही. आबांना सांगायचं आहे. आज सण होता म्हणून बोललो नाही.

२४ नोव्हेंबर
उजवीकडे जाण्यावर इलाज सापडला. व्हिडिओत आहे: बॉलला क्लब लागताना उजवा हात डाव्यावर जोरात वळवायचा. दर बॉलला मी मागून 'वळव' म्हणतो. आता बॉल डावीकडे जातोय. म्हणजे उजवी साधली, डावी साधली. राहिली फक्त मधली.
तळहाताला फोड आलेत. टेप लावून दिली. जेवताना तिला घास धरता येईना, सारिकाने भरवलं. माझ्या ताटात भाजी वाढायची विसरली. मी मागितली नाही.

१४ डिसेंबर
उद्या स्पर्धा. तयारी पूर्ण. प्रेरणा लवकर झोपली. निदान दार तरी लावून घेतलंय.

१५ डिसेंबर, रविवार
सविस्तर लिहायची इच्छा नाही, पण नोंद हवी.
पहिल्या होलला बॉल कुंपणाबाहेर भातखाचरात. नव्वद टक्के चूक वाऱ्याची. वारा नव्हता, पण येईल असं वाटत होतं. दुसऱ्याला मी फक्त एकदा 'आठ' म्हटलं. तिसऱ्याला 'वळव'. एक रिटायर्ड कर्नल पंच म्हणून होते. म्हणाले, खेळाडूला बाहेरून सल्ला देता येत नाही. मी म्हटलं, सल्ला नाही, मी वडील आहे. पाचव्या होलला पुन्हा 'वळव' तोंडातून गेलं. माझा आवाज जात्याच मोठा आहे. कर्नलनी सगळ्यांसमोर मला पार्किंगमध्ये जायला सांगितलं. दुसऱ्या मुलींचे आईबाप झाडांकडे बघत होते. मी प्रेरणाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.
गाडीतून सहावा होल दिसतो. तिने हाताची टेप काढली, खिशात घातली. दोन-तीनदा बोटं उघडली, मिटली. मग मारलं. बॉल सरळ गेला. कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा इतका सरळ. मी गाडीत एकट्याने टाळ्या वाजवल्या. शिकवलेलं उशिरा का होईना, हातात उतरलं.
नंबर शेवटून तिसरा. पहिल्या पाच होलांनी घात केला.
घरी येताना कुसगावच्या वळणावर प्रेरणा एवढंच म्हणाली, बाबा, तुम्ही गेल्यावर मला बरं वाटलं. पोर दमली होती. दमल्यावर माणूस काहीही बोलतो.

१६ डिसेंबर
कर्नलची तक्रार करायचं ठरवलं. क्लबच्या ऑफिसात गेलो. तक्रार कर्नलच घेतात, असं कळलं.
बोर्डाच्या परीक्षेपर्यंत प्रेरणाला विश्रांती द्यायची, असं मी ठरवलंय. सारिका म्हणाली, प्रेरणाने कालच ठरवलं. म्हणजे एकमत झालं. या घरात बऱ्याच दिवसांनी.

१४ मे २०२५
प्रेरणाला दहावीत एक्क्याण्णव टक्के. रबरी बॉलने अडलं नाही, हे मी सारिकाच्या लक्षात आणून दिलं. प्रेरणा अकरावीला पुण्याला जायचं म्हणते, हॉस्टेलवर. लोणावळ्यात कॉलेज आहे, लोकलची सोय आहे, तरी पुणेच हवं. कारण उघड आहे: पुण्यात गोल्फ कोर्स जास्त. मी विचारलं नाही. काही गोष्टी बापाला न सांगता कळतात.

१७ ऑगस्ट
तिला हॉस्टेलला सोडून महिना झाला. गोल्फची बॅग मी स्वतः वर नेऊन पलंगाशेजारी उभी केली. ती म्हणाली, असू दे.
रोज सकाळी ग्रिपचा एक व्हिडिओ पाठवतो. सध्या माझं मत सहावर आलंय. माणसाने लवचीक असावं. ती अंगठा दाखवते. बोलणं कमी झालंय, पण खेळाडू बोलत नसतातच.
सारिकाला रोज फोन येतो. बायकांचे विषय असतात.

५ ऑक्टोबर
व्हिडिओला आता दुसऱ्या दिवशी अंगठा येतो. सराव वाढला असणार. दिवाळीत आली की कोर्सवर नेईन. पाच वापरून पाहू.

९ नोव्हेंबर, रविवार
दिवाळीत आली होती. वडिवळ्याला आबांकडेच राहिली. कोर्सवर जाणं झालं नाही.
आज बाजारात पायल मॅडम भेटल्या. म्हणाल्या, प्रेरणाची बॅग माझ्याकडच्या एका मुलीला अगदी बरोबर बसली, तिला माझे थँक्स सांगा. मी 'हो हो' म्हटलं. काय घ्यायला आलो होतो ते आठवेना.
घरी येऊन सारिकाला विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, प्रेरणाने जुलैतच दिली, हॉस्टेलवरून पाठवून. तुला माहीत होतं? होतं. आबांना? आबांनाही.
संध्याकाळी प्रेरणाचा फोन आला तेव्हा सारिकाकडून मागून घेतला. खेळत नाहीस का, विचारलं. नाही बाबा, म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर उत्तर देता आलं असतं. मग संध्याकाळी करतेस काय, विचारलं. म्हणाली, काही नाही, मैत्रिणींबरोबर पायऱ्यांवर बसते. तिथे काय करता? काहीच नाही बाबा. नुसतं बसतो.
मी बरं म्हटलं. ती पण बरं म्हणाली. फोन सारिकाला परत दिला. ती आतल्या खोलीत गेली, आणि थोड्या वेळाने दोघींच्या हसण्याचा आवाज आला.

१० नोव्हेंबर
सकाळचा व्हिडिओ पाठवला नाही. दिवसभरात कुणी विचारलं नाही.