उपाशी ओळ

मखमलाबाद, नाशिक
कोजागिरीनंतरचा रविवार, २००३

ती. सौ. झुंबरवन्सं यांना चंद्रभागेचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही दोघी, म्हणजे तुमची आई आणि मी, बऱ्या आहोत. आत्याबाईंचा गुडघा धरलाय, पण तोंड शाबूत आहे. देवळ्याकडे कांद्याची रोपं टाकून झाली का? तुमची तब्येत विचारत नाही, कारण ती तुम्ही पत्रात सविस्तर कळवलीत आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

तुम्ही लिहिलंत, साखरेवरच्या गोळ्या सोडल्या, आता जावईबापूंच्या चुंबकाच्या चकतीवर ठेवलेलं पाणी पिते. पुरावा म्हणून त्यांच्या कंपनीचं पत्रक जोडलंत. त्यात पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या फोटोखाली छापलंय की नाशिकच्या एका फूलबागाईतदार भगिनींचा झेंडू या पाण्याने दुप्पट फुलला. वन्सं, ती भगिनी मी आहे. (कोटवाला कोण ते मला माहीत नाही.)

झालं असं की तुमचे जीवनराव उन्हाळ्यात आले आणि एक चकती ठेवून गेले. मी विचारलं, याचा गुण कोणी सांगितला? म्हणाले, वरच्या साहेबांनी. त्यांना कोणी? परदेशातल्या शास्त्रज्ञाने. त्याचं नाव काय? तर म्हणाले, “मामी, शास्त्रज्ञाला कोणी नाव विचारतं का!” जावयापुढे बोलायची सोय नाही, म्हणून चहा टाकला. पण मला शाळा माहीत नाही. पुडे बांधायच्या रद्दीवर बोट ठेवून ह्यांनी अक्षरं शिकवली, आणि रद्दीतली बातमी नेहमी अर्धी फाटलेली. कोण म्हणालं, कुठे म्हणालं, ते फाटलेल्या बाजूला असायचं. मग आम्ही दोघं सगळा गठ्ठा उपसून उरलेला तुकडा शोधायचो आणि फुलं तशीच राहायची. ती सवय अजून सुटलेली नाही.

तुमच्या भावाची उपाशी ओळ आठवते ना? दुकानदाराने नवीन औषध दिलं की सगळ्या मळ्यावर मारायचं, एक ओळ तेवढी कोरी सोडायची. लोक हसायचे, कारभारीने एक ओळ उपाशी ठेवली म्हणून. ती पिवळी पडली की हे ते औषध पुन्हा आणायचे. बाकीच्यांसारखीच फुलली तर मात्र दुकानदार पुढल्या वर्षी रस्ता बदलायचा. मी त्या ओळीला संध्याकाळी उगाच जाऊन बघून यायची. हे म्हणायचे, तिला नजर नको लावू, तीच खरं बोलते.

तेव्हा मी घरामागे झेंडूच्या दोन ओळी लावल्या, एक चकतीच्या पाण्यावर, एक उपाशी. चकतीची ओळ अशी फुलली की मी गार पडले. जीवनरावांचा फोन आला तेव्हा मी एवढंच म्हटलं की फुलं चांगली आहेत. त्याचं पत्रक झालं! नंतर एका सकाळी बघते तर आत्याबाई ताकाचं भांडं धुऊन ते पाणी त्याच ओळीला घालतायत. म्हणाल्या, “एवढं महागाचं पाणी पिते ती. तिला बरोबरीचं खायला नको?”

पावसाळ्यात पुन्हा लावल्या. ताक बंद. या वेळी कुठली घागर चकतीवर ठेवायची ते आत्याबाईंनी ठरवायचं आणि मला सांगायचं नाही, कारण माझाही हात एकीकडे ढळला असता. दसऱ्याला दोन्ही ओळी खुडल्या, टोपल्या शेजारी ठेवल्या. सारख्या. मी विचारलं, चकतीवाली कुठली? तर म्हणतात, “तूच म्हणाली सांगू नका. मी मनातूनच काढून टाकलं.” आता कोणालाच माहीत नाही. पण टोपल्या बघून वाटलं, माहीत असून तरी काय फरक पडला असता?

हे गेले तेव्हा दारी बसायला आलेला प्रत्येक जण एकेक उपाय सांगून गेला. अमकं दिलं असतं तर राहिले असते. पाच वर्षं मी ते सगळे उपाय उराशी धरून बसले होते. पण ताडून बघायला दुसरे हे कुठून आणायचे? त्या टोपल्यांपुढे बसल्यावर पहिल्यांदा वाटलं, सांगणाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

बाकी ठीक. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
चंद्रभागा

ता. क. पत्र एवढ्यासाठीच लिहिलं: डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या आणि गोळी परत सुरू करा. झेंडूला साखर होत नाही, वन्सं. तुमची उपाशी ओळ करून बघायची माझी छाती नाही. ह्यांच्यामागे मला ‘चंद्रे’ म्हणणारं तुमच्याशिवाय कोणी राहिलेलं नाही.

ता. क. दुसरा: जीवनरावांना सांगा, चकती परत देणार नाही. हाराच्या सुया सांडल्या की अशी गोळा करते की बघत राहावं. हा अनुभव खुशाल छापा.

ता. क. तिसरा: आत्याबाईंना पत्र वाचून दाखवलं. डोळे पुसून म्हणाल्या, झुंबरला लिही, गोळी घे आणि वरून वाटीभर ताक पी, झेंडूला मानवलं होतं.